पाळीचा रविवार

जोतिबाचा वार रविवार. त्या दिवशी वाडी रत्नागिरीवर गाडी लावायला जागा मिळत नाही हे ठाऊक असूनही गेली दोन वर्षं महिन्यातले दोन रविवार मी दुपारी चारच्या सुमाराला केर्लीवरून घाट चढून वर जाते. माझ्या भाचीचा नऊ वर्षांचा मुलगा शुक्रवारी संध्याकाळी बापाकडे कोडोलीला गेलेला असतो. तो गिरोलीच्या बाजूनं बापाच्या मोटारसायकलवर बसून वर येतो, मी कोल्हापूरच्या बाजूनं. नारळ-गुलालाच्या दुकानांपाशी आमची गाठ पडते. दप्तर माझ्याकडे येतं, पोरगं माझ्याकडे येतं, आणि "येतो मावशी" म्हणून जावई गाडीला किक मारतो. आता त्याला जावई म्हणायचं का, हाही एक प्रश्नच आहे. पण दुसरा शब्द सापडेपर्यंत हाच चालवते.

ही जागा कशी ठरली ते सांगण्यासारखं आहे. वेगळं झाल्यावर पहिलं वर्षभर दोघांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. त्यानं कोल्हापुरात दारात येऊन पोराला न्यायचं तर त्याला कमीपणा, तिनं कोडोलीत नेऊन सोडायचं तर तिला. कोर्टाच्या आवारात भेटायचं म्हटलं तर तिथं काळे कोट आणि पोलीस बघून पोराच्या पोटात दुखायला लागायचं. शेवटी पोराचे आजोबा, म्हणजे जावयाचे वडील, म्हणाले, "देव दोन्ही घरचा एकच हाय की. तितं भेटा." खरंच होतं. जोतिबा दोन्हीकडचं कुळदैवत. या पोराचं जावळ याच डोंगरावर, मामाच्या मांडीवर बसवून काढलेलं. घटस्फोटाच्या कागदांत फ्लॅट, दागिने, पॉलिसी सगळं वाटलं गेलं, पण कुळदैवत कुणाच्या वाट्याला द्यावं हे कुणाला सुचलं नव्हतं.

त्याच आजोबांनी मला आणखी एक शब्द दिला. वकील 'व्हिजिटेशन' म्हणत होते, निकालपत्राच्या मराठीत 'भेटीचा हक्क' होता, नातेवाईक 'पोरगं कुणाकडं असतंय?' असं विचारत होते. म्हातारा सरळ म्हणाला, "या रविवारी आमची पाळी." उसाला पाणी पाजण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडी दुसरा शब्द येणार कुठून? पण मला तो ऐकल्यापासून वाटत आलंय की आईबाप वेगळे झाल्यावर मूल कसं वाढवायचं, याबद्दल मराठीत यापेक्षा नेमका शब्द नाही, आणि तो आपण वापरत नाही हे आपल्या पुष्कळ भांडणांचं मूळ आहे.

आपण वापरतो तो शब्द 'ताबा'. मुलाचा ताबा आईला मिळाला, बापानं ताब्यासाठी अर्ज केला. ताबा घराचा असतो, गाळ्याचा असतो, शेताचा असतो. पोलीस घेतात तो आरोपीचा ताबा. ज्याच्याकडे ताबा त्यानं कुंपण घालायचं आणि दुसऱ्यानं बांधावरून बघायचं. एकदा हा शब्द तोंडात बसला की पुढची सगळी भाषा सात-बाऱ्याचीच येते. हक्क, हिस्सा, अतिक्रमण, कब्जा. भाऊ-भाऊ जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडतात तो आमच्याकडचा जुनाच छंद. नवरा-बायको त्याच भाषेत मुलावरून भांडू लागले तर नवल काय?

कायद्याचं वळणही बराच काळ याच अंगाचं राहिलं. पालक आणि पाल्य यांचा कायदा 1890 सालचा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा 1956 चा. त्यात मुलाचा नैसर्गिक पालक पिता, आणि 'त्याच्यानंतर' माता. पाच वर्षांखालचं मूल मात्र साधारणपणे आईजवळ असावं, आणि सगळ्याच्या वर मुलाचं हित. या 'नंतर'चा अर्थ बाप मेल्यावर असा नव्हे, बाप जबाबदारी घेत नसेल, हजर नसेल तेव्हाही आई पालक ठरते, हे म्हणायला सर्वोच्च न्यायालयाला 1999 साल उजाडलं. तेही कशावरून, तर लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून स्वतःची सही केली आणि ती चालेना. मूल नऊ महिने पोटात वागवलं तिची सही चालत नाही, आणि हे त्रेचाळीस वर्षं कुणाला फारसं खटकलं नाही.

पुढे 2015 च्या मे महिन्यात विधी आयोगानं आपला 257 वा अहवाल दिला. न्यायमूर्ती अजित शहा तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते. संयुक्त पालकत्वाची सोय कायद्यात असावी, आईबापांनी मिळून मुलाच्या संगोपनाचा आराखडा लिहून द्यावा, असं त्यात सुचवलं होतं. 2020 मध्ये यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूल म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे टोलवायची वस्तू नाही, आणि जो पालक लांब आहे त्याला व्हिडिओ कॉलवरून तरी मुलाशी रोज बोलता आलं पाहिजे. न्यायालयं शहाणी होत चालली आहेत यात शंका नाही. पण निकालाचा कागद हातात पडला की आमच्या घरात आणि गल्लीत पहिला प्रश्न तोच येतो: कोण जिंकलं?

आता पाळीकडे येते. ज्यांनी उसाच्या पट्ट्यात दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पाणी कुणाच्या मालकीचं नसतं. ते नदीचं, पाटाचं, संस्थेचं. त्यावर ज्याचा त्याचा फक्त वेळ असतो. शेजारच्या शेजाऱ्याला क्रमानं पाणी मिळावं म्हणून जी पद्धत आहे तिला सरकारदरबारीसुद्धा शेजपाळी म्हणतात. पाळी आधी लिहून ठरते आणि सगळ्यांना माहीत असते. पाळी रात्री दोनला आली तरी उठून दारं धरायला जावं लागतं, थंडीत, चिखलात. "माझी पाळी आहे पण मला झोप आली आहे" असं पीक ऐकून घेत नाही. पाळी चुकली की पुढच्या वेळी दुप्पट पाणी सोडून भागत नाही. मधल्या दिवसांत उसाला ताण बसायचा तो बसतोच, आणि एकदम जास्त पाजलं तर मुळं कुजतात. दुसऱ्याच्या पाळीत मध्येच पाट फोडणाऱ्याला गाव काय म्हणतं ते इथं लिहिता येणार नाही.

यातलं प्रत्येक वाक्य मुलाला लावून बघा. बापाच्या शनिवारी मुद्दाम मावसभावाचं बारसं काढणारी आई पाट फोडत असते. महिनाभर न फिरकता मेच्या सुट्टीत पोराला उचलून गोव्याला नेणारा बाप मुळं कुजवत असतो. आणि पाळी हा शब्द ऐकताच सगळ्यांना आधी आठवते ती कामाची पाळी, गिरणीतली, कारखान्यातली. हक्क म्हणून कुणी रात्रपाळीला जात नाही. ताबा मिळवायचा असतो, पाळी करायची असते. (बायकांना हा शब्द आणखी एका कारणानं ओळखीचा आहे. तीही वेळेवर आलेली बरी, चुकली की घर गोळा होतं.)

पण पाण्याचा दाखला एका जागी तोकडा पडतो. पाणी पाळीपाळीनं देता येतं कारण उसाला कोण पाणी पाजतंय हे कळत नाही. मुलाला कळतं. म्हणून निव्वळ तासांची समान वाटणी हा उपाय मला पटलेला नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानं 2013 मध्ये एका प्रकरणात वर्षाचे सहा महिने बापाकडे आणि सहा महिने आईकडे, शनिवार-रविवारी दुसऱ्याकडे, अशी सरळ विभागणी करून दिली होती. एका शहरात राहणाऱ्या, एकमेकांचा फोन उचलणाऱ्या माणसांना ती चालेलही. कोडोली आणि कोल्हापूर यांच्यामध्ये शाळा एकच असते. ऑस्ट्रेलियानं 2006 मध्ये कायद्यात असं गृहीत धरून टाकलं की दोन्ही पालकांची जबाबदारी समसमान, आणि न्यायालयांनी समान वेळेचा आधी विचार करावा. सतरा वर्षांनी, 2023 मध्ये, त्यांनी ते गृहीतक काढून टाकलं. लोक समान जबाबदारी म्हणजे समान तास असं धरून बसले आणि मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांनाही त्या सूत्रात अडकून पडावं लागलं. जिथं हात उगारला गेलाय, दारू आहे, धमक्या आहेत, तिथं पाळीबिळी काही नाही. तिथं 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानं आईला मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि तिथं 'ताबा' हाच शब्द बरोबर आहे. कुंपणाचीच गरज असते तेव्हा कुंपणच घालावं.

मी बोलते आहे ती त्याहून साध्या, रोजच्या प्रकरणांबद्दल. दोघंही बऱ्यापैकी माणसं, एकमेकांशी पटलं नाही, बस्स. आणि अशाच घरांत मुलाच्या हातात नकळत कुऱ्हाड दिली जाते.

कुऱ्हाड म्हणायचं कारण आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोतिबाची पालखी सासनकाठ्यांच्या लवाजम्यासह यमाईच्या देवळाकडे जाते आणि तिथं यमाईचं जमदग्नीशी लग्न लागतं. जमदग्नी कट्यारीच्या रूपात असतो. यमाई म्हणजे रेणुका. गुलालानं डोंगर माखलेला असतो, लाखो माणसं 'चांगभलं' म्हणत असतात, आणि त्या लग्नाला दरवर्षी टाळ्या पडतात. या जोडप्याच्या संसारात पुढं काय झालं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. बापाला आईचा राग आला. त्यानं स्वतः काही केलं नाही, तिला मारायला मुलांना सांगितलं. चौघा थोरल्यांनी ऐकलं नाही, ते शापानं भ्रमिष्ट झाले. धाकट्यानं, परशुरामानं, ऐकलं आणि कुऱ्हाड चालवली. मग बाप खूश होऊन वर माग म्हणाला, तेव्हा त्यानं काय मागितलं? आई परत उठू दे, भाऊ शुद्धीवर येऊ देत, आणि तिला यातलं काही आठवू नये. राज्य नाही मागितलं. घर होतं तसं मागितलं. कीर्तनकार या कथेतून पितृभक्ती काढतात. मला त्यात एवढंच दिसतं की मुलानं आईबापाच्या भांडणात बाजू घेतली तरी भ्रमिष्ट व्हायची पाळी येते आणि नाही घेतली तरी येते.

आमच्याकडे कुऱ्हाडी लहान असतात. "बाबांकडं कोण कोण आलं होतं?" "आई अजून त्या ऑफिसातल्या काकांशी बोलते का रे?" "पोटगी मिळाली की बूट आणू, सांग तुझ्या बाबाला." रविवारी संध्याकाळी पोरगं घरात पाय ठेवतं आणि उलटतपासणी सुरू होते. माझी भाची वाईट नाही. तिलाही आत काहीतरी पोखरत असतं. पण पहिल्या वर्षात मी बघितलंय, घाट उतरताना माझ्याशी घडाघडा बोलणारं पोर कोल्हापुरात, घराजवळ राजारामपुरीत शिरलं की गप्प व्हायचं. जिभेवर कुलूप. काय सांगितलं तर कुणाला लागेल याचा हिशेब ते केर्लीपासूनच करत यायचं.

बापाची अडचण वेगळी. दोन दिवसांचा बाप जत्रेतला बाप होतो. भेळ, पाळणा, पिपाणी, नवी मोटार. पोराच्या डोळ्यांत चमक दिसावी म्हणून खिसा रिकामा करायचा आणि सोडताना एक भलंमोठं खेळणं हातात द्यायचं, म्हणजे आईच्या घरात ते पोहोचलं की पुढचे बारा दिवस आपली आठवण तिथं टेबलावर बसून राहील. घरातला बाप वेगळा असतो. तो नखं कापतो, पाढे घेतो, ताप मोजतो, कंटाळतो, ओरडतो. पाळी जत्रेतल्या बापाला जमत नाही. आणि आई मात्र जत्रा कधीच करू शकत नाही, कारण लस, गणवेश, गृहपाठ, जंतांचं औषध हे सगळं लक्षात ठेवायची रात्रपाळी तिच्या एकटीच्या डोक्यात चालू असते. वेळ अर्धा-अर्धा वाटला तरी हे लक्षात ठेवणं वाटलं जात नाही. माझ्या मते खरी वाटणी तिथं व्हायला हवी. आमच्याकडे दप्तरात एक दोनशेपानी वही फिरते. औषध, शाळेची सूचना, कुठल्या सणाला कुठं, दात हलतोय का. टोमणा लिहायचा नाही हा एकच नियम, आणि पहिल्या महिन्यात तो चारदा मोडला. आता बापही त्यात लिहितो. अक्षर भयानक आहे.

वहीनं व्यवस्था लागली. पोराची जीभ सुटली ती वहीनं नव्हे, काडी आणि खळीनं, म्हणजे हातकामानं.

इथं जरा मागं जाऊन एका बाईंचं नाव घेते. ताराबाई मोडक 1921 मध्ये नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. पदरात मुलगी. त्या काळात अशी बाई माहेरी कोपऱ्यात बसायची. ताराबाई राजकोटला गेल्या, तिथून 1923 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांकडे, आणि पुढं बालशिक्षणातच आयुष्य काढलं. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या सोबतीनं काम उभं केलं, तेव्हा त्यांना कळलं की माँटेसरीची महागडी साधनं या मुलांच्या अंगणात शोभणार नाहीत. मग शिंपले, बिया, खडे, पानं, माती यांतून साधनं झाली. अंगणवाडी आज सगळ्या देशाच्या तोंडी आहे. तिचं एक मूळ त्या अंगणात आहे. ताराबाईंचं मोठेपण सांगताना त्यांच्या तुटलेल्या संसाराचा उल्लेख आपण घाईनं उरकतो. मला मात्र वाटतं, की मुलाचं घर म्हणजे आईबापाचं लग्न नव्हे, मूल जिथं हातानं काही करू शकतं ती जागा त्याचं घर असते, हे इतकं स्वच्छ दिसायला ताराबाईंना स्वतःच्या आयुष्याचाही काही उपयोग झाला असेल. हा माझा अंदाज आहे, त्यांनी असं कुठं म्हटलंय असा माझा दावा नाही.

कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं तेही हातांवर विश्वास ठेवून. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घरं करायला शिकवली. त्यात खर्च येतो तो फक्त वेळेचा. पण इतकंही शोधत जायला नको. आमच्या भागाचं वर्षच हातकामाचं आहे. बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला नागोबा, दिवाळीत किल्ला आणि कामट्यांचा आकाशकंदील, चैत्रात पोरांच्या हातातल्या छोट्या सासनकाठ्या.

दोन घरांत राहणाऱ्या मुलासाठी या कामांचा एक खास गुण आहे. ती एका बैठकीत पुरी होत नाहीत. खळ वाळायला रात्र जाते. माती सुकायला तीन दिवस. म्हणून अर्धं काम मागं ठेवून निघावं लागतं, आणि अर्धं काम जिथं असतं तिथं परत जायला मुलाला कुणी समजवावं लागत नाही. विकत आणलेलं खेळणं पहिल्या दिवशीच पुरं झालेलं असतं.

दुसरं म्हणजे हातकाम करताना माणसं एकमेकांसमोर बसत नाहीत, शेजारी बसतात. दोघांचे डोळे कामटीवर. "बाबा, तू आणि आई परत एकत्र राहणार नाही ना?" हा प्रश्न या पोरानं बापाला विचारला तो हॉटेलात नाही, पाळण्यात नाही. कामटीला सुतळी गुंडाळताना विचारला. बापानंही सुतळीवरची नजर न काढता "नाही राहणार" म्हटलं, आणि दोघं गाठ मारत राहिले. हे मला जावयानंच सांगितलं, नारळाच्या दुकानापाशी, हेल्मेट हातात घेऊन. समोरासमोर बसवून हेच सांगायचं तर तीन समुपदेशक लागले असते.

यावर कुणी म्हणेल की बाई, दोन कागद चिकटवून संसार जोडला जातो का? नाही जोडला जात. जोडायचा नाहीच आहे. आणि हातकामालाही जत्रा करता येते. शाळेचा 'प्रोजेक्ट' आला की स्टेशनरीच्या दुकानातून तयार ज्वालामुखी आणणारे आईबाप मी पाहिलेत. तो ज्वालामुखी पोराच्या नावावर शाळेत जातो आणि फोटो आईच्या स्टेटसवर. वेगळ्या झालेल्यांत याची वर चढाओढ: तुझ्याकडं कागदाची बोट केली का, मग आम्ही लाकडी जहाज करू. खळ मुलाच्या बोटाला लागलेली नसेल तर त्यातून काही साधलं नाही असं खुशाल समजावं.

यंदाच्या चैत्रातलं सांगते. खरी सासनकाठी तीस-चाळीस फुटांची, काही त्याहून उंच. साताऱ्याकडच्या पाडळीच्या काठीचा मान पहिला, पुढच्या काठ्यांचेही क्रम ठरलेले. एक गडी काठी कमरेशी पेलतो आणि वरच्या टोकाला बांधलेले दोर चारी बाजूंनी बाकीचे धरतात. पोरानं मला विचारलं होतं, सगळे आपापल्या बाजूला ओढतात तर काठी फाटत कशी नाही? मी कोडोलीच्या आजोबांवर ढकललं. म्हातारा दोनदा काठीबरोबर चालत आलेला. त्यानं सांगितलं, "ओढत न्हाईत रं. धरत्यात. एकानं ताणलं की दुसऱ्यानं जरा सैल सोडायचं. वर बघत चालायचं, समोरच्याकडं न्हाई."

पोराची काठी चार फुटी. वेळू कोडोलीच्या आजोबांच्या बांधावरचा, तासून गुळगुळीत केलेला बापानं. तासताना त्याचा अंगठा कापला आणि पोरानं पट्टी बांधली, वहीत तशी नोंद आहे. कापड कोल्हापूरचं, भाचीच्या एका जुन्या भगव्या साडीचं. ती साडी लग्नातली होती हे मला माहीत होतं, पोराला नाही, आणि भाचीनं ती कात्रीनं कापताना माझ्याकडे बघितलं नाही. मी मैद्याची खळ केली, गुठळ्या राहिल्या, पोरानं चाळून घ्यायला लावली. रंगीत ताव कापून झिरमिळ्या केल्या. चवऱ्यांसाठी लोकरीचे गोंडे. शुक्रवारी काठी खळ ओली असतानाच दप्तरातून अर्धी बाहेर काढून कोडोलीला गेली. रविवारी तिला तिकडून दोर बांधून आले. चार. सुती, मेणात बुडवलेले, टोकाला गाठी.

यात्रेच्या दिवशी वर जायची आम्हा कुणाची हिंमत नव्हती. त्या गर्दीत पोर हरवायचं. पुढच्या रविवारी गेलो. भाची पहिल्यांदाच माझ्याबरोबर आली होती, "काठी बघायची आहे" म्हणून. गुलाल अजून पायऱ्यांच्या सांध्यांत, दगडांच्या खाचांत बसलेला. बाप आला, त्याला ती दिसली, क्षणभर गाडी बंद करावी की नाही असं त्याचं झालं. मग त्यानं स्टँड लावलं.

पोरानं काठी कमरेच्या पट्ट्यात खोवली आणि दोर वाटले. एक मला, एक बापाला, एक आईला. चौथा कुणाला द्यावा म्हणून इकडं तिकडं पाहिलं आणि नारळवाल्या बाईंना दिला. त्यांनी गिऱ्हाईक सोडून तो धरला. देवळाच्या भिंतीच्या कडेकडेनं आम्ही पंधरा-वीस पावलं चाललो. भाचीचा दोर फारच ताणला जात होता. काठी तिच्याकडं कलली तशी पोरगं ओरडलं, "आई, सैल! सैल सोड!" तिनं सोडला, तर काठी बापाकडं गेली. "बाबा, आता तू." बाईंच्या हातातला दोर मध्येच सुटला, त्या हसत परत धरायला धावल्या. लोकरीचा एक गोंडा गळून खाली गुलालात पडला.

पोरानं तो उचलून, झटकून, बापाच्या शर्टाच्या खिशात घातला. "हा तुझ्याकडं ठेव. पुढच्या पाळीला चिकटवू."